दार ठेवायचं राहिलं

१

गवंड्याला लोक हमखास एक प्रश्न विचारतात. तुझं स्वतःचं घर कुठे आहे? न्हाव्याला कोणी विचारत नाही, तुझे केस कोण कापतं. ओळंब्याला हा प्रश्न तीस वर्षं विचारला गेला. आधी तो चिडायचा. मग सांगायला लागला, "गच्चीवर आहे. या कधीतरी बघायला."

ओळंबा हे त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ चढते आहे का हे बघायला दोरीला बांधून वजन सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. हा माणूस तसाच. वाकणं ठाऊक नाही आणि बोलणं वरून वजन पडल्यासारखं. कामावरच्यांनी नाव ठेवलं ते चिकटलं. भांडणात बायकोही तेच वापरायची.

आणि गच्चीवर घर होतं, हे खोटं नव्हतं. दोघं तिसऱ्या मजल्यावर एका भाड्याच्या खोलीत राहायची, डोक्यावर गच्ची. बारा वर्षांपूर्वी घरासाठी पैसे साठवायला सुरुवात केली, तेव्हा वर्षभरातच बायको कंटाळली. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. म्हणाली, शर्ट शिवला तर शर्ट दिसतो, इथे नुसतं पोट मारतोय आणि दिसत काही नाही. ओळंब्याने तेव्हा तोंडाने उत्तर दिलं नाही. कामावरून उरलेला पिवळा ऑइलपेंट आणला, सुतळी ताणली, गुण्या लावून काटकोन धरले आणि गच्चीवर अख्खं घर खऱ्या मापात आखलं. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी आणि एकाच माणसाने उभं राहावं एवढी बाल्कनी. दारांच्या जागी रेघ सोडलेली, खिडक्यांच्या जागी दुहेरी रेघ.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं वर जायची. नियम एकच, आत जायचं ते दारातून. एकदा तो टाकीकडून सरळ चालत आला तर बायको म्हणाली, "चोरासारखे भिंतीवरून काय येताय? दार कशाला ठेवलंय?" मग तो निमूट मागे फिरला आणि दारातून आला. घरमालकाने एकदा हे पाहिलं आणि विचारलं, याचं वेगळं भाडं लावू का. ओळंबा म्हणाला, आधी खालच्या खोलीची गळती थांबव, मग वरच्याचं बघू.

बँकेचं म्हणणं साधं होतं. वीस टक्के तुमचे, बाकीचे आम्ही देतो. पण ते वीस टक्के दरवर्षी पुढे पळायचे. कासवाने सशाला गाठायचं म्हणतात, पण त्या गोष्टीत ससा झोपला होता म्हणून जमलं. घरांच्या किमती झोपत नाहीत. तरी या वर्षी जमत आलं होतं. आणखी दहा-अकरा महिने, मग डाउन पेमेंट भरायचं आणि किल्ली घ्यायची.

२

त्याची आई थोरल्या भावाकडे असायची, सहा तासांच्या बसवर. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, डोळे अर्धे. लग्नानंतर एकदा ती धाकट्याकडे राहायला आली होती. दहा बाय दहाच्या खोलीत तिसरं अंथरूण शिवणमशीनखालीच मावलं. तीन दिवस तिने गुडघे पोटाशी घेऊन काढले, चौथ्या दिवशी पिशवी भरली. म्हणाली, घर झालं की येईन. ओळंबा म्हणाला, घर झालं की घेऊन येतो. त्याला पंधरा वर्षं झाली.

दर रविवारी सकाळी दहाला फोन. सून दिवसांत असल्यासारखं ती विचारायची, किती राहिले? हा म्हणायचा, भरत आलेत. दोघं हसायची आणि फोन संपायचा.

त्या रविवारी ती हसली नाही. म्हणाली, "बाळ, त्या घरात माझी जागा कुठं आहे रे?"

बारा वर्षं ओळंब्याने त्या गच्चीवर शेगडीची जागा मोजली होती, मशीनची मोजली होती, झाडूसुद्धा कुठल्या कोपऱ्यात राहील ते ठरवलं होतं. आईला कुठेच मोजलं नव्हतं. आणि ज्याला खोटं बोलायची सवय नाही तो खोटं बोलतो तेव्हा मापासकट बोलतो.

"स्वयंपाकघराला लागून," तो म्हणाला. "आठ बाय सात. खिडकी पूर्वेला."

मग ती म्हणाली, "खिडकीपण ठेवलीस?"

फोन ठेवल्यावर त्याचे कान तापले. तो तसाच उठला, वाळून साय धरलेला रंगाचा डबा काढला आणि वर गेला. खोटं बोललोच आहोत तर निदान जमिनीवर तरी खरं असू दे. त्याने स्वयंपाकघराला लागून आठ बाय सात आखलं. पूर्वेला खिडकीची दुहेरी रेघ काढली. शेवटची बाजू राहिली होती, तेवढ्यात बायकोने जिन्यातून हाक मारली, नळाला पाणी आलंय, हंडे कोण उचलणार. त्याने एका दमात ती रेघ ओढली आणि खाली गेला.

संध्याकाळी बायकोने नवी खोली बघितली. हिशोब विचारला नाही, खऱ्या घरात ही खोली कुठून आणणार असंही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "अडचणीची आहे. पण आईंना ऐसपैस कधी मिळालंय?"

३

पुढच्या रविवारी आईचा आवाज उजळलेला होता. खोली झकास आहे म्हणाली, सकाळी ऊन येतं म्हणाली. ओळंब्याला बरं वाटलं. म्हातारं माणूस, मनातल्या मनात राहायला गेलं असेल. मनाला कुठे भाडं पडतं?

"फक्त सूनबाईला सांग," आई म्हणाली, "ती तपकिरी चादर जरा बाजूला वाळत घालत जा. काल माझ्या अंगावर पाणी ठिबकत होतं."

तो बरं म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला आठवलं. काल शनिवार. बायकोने चादरी धुतल्या होत्या. गच्चीवरची दोरी त्या नव्या खोलीवरूनच जाते.

चादरी सगळ्यांच्याच घरी असतात, त्याने स्वतःला समजावलं. तपकिरी रंगही काही आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही.

मग फोन थोरल्याने घेतला. थोरला सायकली दुरुस्त करायचा. नाकासमोर चालणारा माणूस, कल्पना नावाची गोष्ट त्याच्या वाटेला गेलेली नाही. तो बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायला लागला. आई गेल्या सोमवारपासून विचित्र वागते आहे. बाहेरच्या मोठ्या खोलीत तिची खाट आहे, ती उठते, चार पावलं चालते आणि थांबते. हात पुढे करते, तळवा उभा धरते, चाचपडत बाजूला सरकते आणि वळते. पुढे मोकळी खोली पडली आहे, पण पाऊल टाकत नाही. म्हणते, भिंत आहे. वहिनी तिच्याजवळ गेली की दचकते, भिंतीतून कशी आलीस गं, असं विचारते. न्हाणीत न्यायचं तर दोघांनी उचलून न्यावं लागतं, आणि तेवढा वेळ ती डोळे गच्च मिटून घेते.

"जेवते का?" ओळंब्याने विचारलं.

"जेवते. पण ताट एकाच बाजूने घेते. सकाळचं ऊन येतं ना आमच्याकडे, त्या बाजूने. तिथे हात लांब करते. म्हणते, खिडकीतून दे."

डॉक्टर येऊन गेले होते. वयाचं आहे म्हणाले. ओळंब्यानेही तेच म्हटलं. फोन ठेवता ठेवता मात्र त्याने एक काम सांगितलं. ती जिथे वळते तिथे तिथे खडूने खूण कर आणि टेप लावून माप घे.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. आठ फूट एका बाजूला, सात दुसऱ्या.

आपणच तिला माप सांगितलं होतं, ओळंब्याने मनाशी म्हटलं. तेच तिच्या डोक्यात बसलं. यात काय एवढं?

४

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तो एकटाच वर गेला. त्या खोलीच्या कडेला उभा राहून त्याने चारी बाजू बघितल्या, आणि मग पुन्हा बघितल्या.

तीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. एकदा मालकाने घाई केली तर त्याने त्याला सुनावलं होतं, भिंत चुकली तर पाडता येते, पण बिनदाराची खोली बांधणाऱ्याला जोड्याने मारावं. आणि इथे चार रेघा, चारी बंद. नळाच्या हाकेपायी ती शेवटची रेघ त्याने सलग ओढली होती.

रात्रीच्या वाऱ्याने गच्चीवर नवी धूळ बसली होती. सगळीकडे सारखी, पिठासारखी. त्या खोलीत मात्र भिंतीच्या रेघेला धरून आतून एक पट्टा स्वच्छ होता. वीतभर रुंद. पाय घासत घासत कोणी चारी बाजूंनी फिरत राहिलं की जमीन उघडी पडते, तसा. रेघेच्या बाहेर त्याची स्वतःची पावलं सोडली तर मांजराचं पाऊलसुद्धा नव्हतं.

छिन्नी खाली त्याच्या पिशवीत होती. तीन फूट रंग खरवडायला अर्धा तास लागला असता.

तो ती आणायला गेला नाही. त्या दिवशी म्हणाला, उशीर होईल. संध्याकाळी म्हणाला, खरवडलं म्हणजे आपण असल्या गोष्टी मानतो असं होईल. ही दोन्ही कारणं त्याची त्यालाच पटली नाहीत. खरं कारण तिसरं होतं, आणि ते त्याला स्वयंपाकघराच्या बाजूने त्या भिंतीला पाठ लावून बसल्यावर कळलं. भिंत नव्हतीच, तरी पाठ जराशी टेकल्यासारखी झाली. मागून तळवे घासल्याचा आवाज आला. टाकीत पाणी पडत असेल, कबुतर असेल. आवाज त्याच्या पाठीमागे आला आणि थांबला. कोणी पलीकडून तिथेच बसलं, तसा थांबला.

बारा वर्षांत पहिल्यांदा आई त्याच्या घरात होती.

दार ठेवलं की माणूस जाऊ शकतं. चौथ्या दिवशी पिशवी भरू शकतं.

तो बोलायला लागला. आज कुठल्या मजल्यावर प्लास्टर झालं, सिमेंट कसं खराब आलं, तुझ्या सुनेला कारखान्यात मुकादम केलं पण पगार दोन बोटं वाढवला. समोरासमोर या माणसाने आईशी दोन वाक्यांच्या वर कधी बोलणं केलं नव्हतं. आता तास तास बसायचा. बायको विचारायची, आज स्वयंपाकघरातच का बसलात? तो म्हणायचा, गार वाटतं.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी फोनवर आईचा आवाज बारीक झाला होता. थोरल्याने सांगितलं, आता चालतही नाही, एका भिंतीला टेकून बसून असते. पश्चिमेच्या. खाटेवर ठेवलं तरी उतरून तिथेच जाऊन बसते. गच्चीवर त्या बाजूला स्वयंपाकघर होतं.

आईने मात्र कसलीच तक्रार केली नाही. तू रोज येतोस, गप्पा मारतोस, बरं वाटतं, असं म्हणाली. मग थोडं थांबून, जणू मीठ मागावं तशी म्हणाली, "बाळ, दार ठेवायचं राहिलं का रे?"

ओळंब्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राहू दे," आई म्हणाली. "तुझ्या सवडीने कर. कामाची गडबड असते तुला."

५

त्या दिवशी बायकोने त्याला पकडलं. जेवायला बोलवायला ती वर आली आणि जिन्यातच थांबली. हा गुडघ्यात डोकं घालून म्हणत होता, करतो, आई, उद्या करतो.

ती दारातून आत आली आणि समोर बसली. त्याने सगळं सांगितलं. चादर, माप, धूळ, पश्चिमेची भिंत. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही हसेल. ती हसली असती तर फार बरं झालं असतं. तिने हात पुढे करून त्या रेघेच्या वर, हवेत, हळूच बोटं टेकवली आणि काढून घेतली.

"मला वाटलं मलाच ऐकू येतं," ती म्हणाली.

ऊन टाकीच्या मागे गेलं.

मग ती बोलली, आणि तिने नावानेच हाक मारली. "ओळंबा, तुम्ही आईंना कोंडून ठेवलंय."

तो म्हणाला, दार केलं आणि ती गेली तर? कुठे जाईल कोणी सांगावं. थोरल्याकडे परत जाईल, नाहीतर पार लांब जाईल. घर व्हायला दहा महिने राहिलेत. दहा महिने थांबली पाहिजे ती.

"कशासाठी? आपल्या किल्लीसाठी?" बायको म्हणाली. "त्या पंधरा वर्षं थांबल्या. आता भिंतीला टेकल्यात."

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बँकेतले पैसे काढायचे. दोन खोल्यांची जागा भाड्याने घ्यायची, तळमजल्यावर, अनामत जास्त मागतील ती द्यायची. गाडी करायची आणि आईंना घेऊन यायचं. डाउन पेमेंट गेलं तर गेलं. ससा पळाला तर पळू दे. हे बोलताना तिचा आवाज एकदाच फाटला, तिने तो खोकून शिवला.

ओळंब्याने बारा वर्षांत त्या पैशांची घडी मोडली नव्हती. तो उठला, खाली गेला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला.

"दार कुठल्या बाजूला?" बायकोने विचारलं.

बाहेर कठड्याकडे काढता आलं असतं. त्याने तिकडे बघितलंही. मग स्वयंपाकघराच्या बाजूला गुडघ्यावर बसला आणि तीन फूट मोजले. रंग जुन्या हट्टासारखा निघेना. प्रकाश गेला तेव्हा सगळा निघाला होता, एका टोकाला बोटभर रंग तेवढा उरला. सकाळी बघू, तो म्हणाला. सकाळी बँक उघडताच पैसे काढून गाडी धरायची होती, तेही राहिलं.

६

तो थोरल्याकडे पोचला तेव्हा दुपार कलली होती. दुकानाला अर्धी फळी लावून थोरला त्याला घेऊन आत आला. बाहेरची खोली लांबलचक, गार, पडदे ओढलेले. जमिनीवर खडूच्या खुणा अजून होत्या. आई पश्चिमेच्या अंगाला जमिनीवर बसली होती, पाठ हवेत टेकलेली. पडत नव्हती.

ओळंब्याने आई म्हटलं. तिने बघितलं नाही. त्याच्या दिशेने तोंड होतं, पण नजर भिंतीपर्यंत येते तशी आली आणि थांबली. थोरला म्हणाला, कालपर्यंत हाकेला ओ द्यायची.

वहिनीने पदर तोंडाला लावला. कोणी काही बोलायच्या आत आई उठली.

तळवा टेकत टेकत ती सरकत गेली. एक वीत, दोन वीत. मग तळवा घसरला. पुढे काही नव्हतं. तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू आलं. ती आडवी वळली, डाव्या अंगाला जरा जास्त पाय उचलला, काहीतरी बोटभर उरलेलं ओलांडल्यासारखा, आणि बाहेर आली. खडूच्या खुणा मागे राहिल्या.

वहिनी रडायला लागली. थोरला म्हणाला, सुटली बाबा.

आई कोणाकडे न बघता पाच पावलं चालली आणि मोकळ्या खोलीत एका जागी खाली बसली. ओळंब्याला ती जागा बघायची गरज नव्हती. पाच पावलं म्हणजे शेगडीच्या समोर.

तो जवळ जाऊन बसला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा उबदार होता, जिवंत होता, पण तिला हात कळला नाही. मी तुला न्यायला आलोय, असं त्याने दोनदा सांगितलं. बाहेर गाडी उभी आहे, पैसे आणलेत. ती समोर कोणाचंतरी ऐकत होती, मान हलवत होती.

त्याने बायकोला फोन लावला. तिने आज रजा टाकली होती. बऱ्याच वेळाने उचलला.

"हळू बोला," ती कुजबुजली.

"का?"

"आई आल्यात." तिचा श्वास ऐकू येत होता. "चादर वाळत घालायला वर आले होते. शेगडीपाशी बसल्यात. मला म्हणाल्या, ये, घाबरू नकोस." ती थांबली. "अहो, मी घाबरले नाही. चादर अजून हातातच आहे."

ओळंबा आईच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ हलले. आवाज या खोलीत आला नाही.

फोनमधून बायको म्हणाली, "विचारतायत, धाकटा कुठे गेला?"

धाकटा तिच्या समोरच बसला होता. "सांग," तो म्हणाला, "बाहेर गेलाय म्हणावं. येतोच."

आईने मान डोलावली. पंधरा वर्षांत एवढी निवांत ती दिसली नव्हती. मग दोन्ही हात जमिनीला टेकून ती थोडी बाजूला सरकली, एक माणूस मावेल एवढी, आणि त्या रिकाम्या जागेवर तळव्याने धूळ झटकली.

थोरला आणि वहिनी दारात उभी होती. त्यांना काय वाटेल, हा विचार ओळंब्याला आला आणि गेला. तो उठला, वळसा घालून आला आणि आईच्या शेजारी त्या जागेत बसला. खोलीत पडदे ओढलेले होते, सूर्य कुठूनच येत नव्हता. बुडाखालची जमीन मात्र तापलेली होती, दिवसभर उन्हात राहिलेल्या गच्चीसारखी. त्याच्या खांद्याला आईचा खांदा लागला.

कानाशी फोन तसाच होता. पलीकडे ओली चादर खाली पडल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही कधी आलात?"